मिठामागे पाणी

पुण्याच्या तुळशीबागेत बांगड्या घ्यायला गेलं की पहिला प्रश्न मापाचा असतो. दोन-चार की दोन-सहा? हे आकडे इंचाचे आहेत. दोन इंच, आणि वर इंचाच्या सोळा भागांपैकी चार किंवा सहा भाग. दोन-चारच्या बांगडीचा आतला व्यास सुमारे ५७ मिलिमीटर भरतो आणि दोन-सहाचा ६०. दोन मापांत फरक अवघ्या तीन मिलिमीटरचा. काच वाकत नाही, ताणतही नाही, म्हणून हाताची सूज ओळखायला काचेच्या बांगडीइतकं काटेकोर साधन घरात दुसरं नसेल. एरवी सहज चढणारी बांगडी एखाद्या सकाळी अंगठ्याच्या सांध्यापाशी अडते. अंगठी बोटात फिरत नाही. वजनकाटा कालच्यापेक्षा किलोभर जास्त दाखवतो. आदला दिवस आठवून पाहिला तर त्यात मिसळ असते, लोणचं-पापडाचं जेवण असतं, रात्री उशिरा खाल्लेली भेळ असते.

बुधवार पेठेत वर्षातली एक रात्र तर अशी असते की दुसऱ्या दिवशी सकाळी कितीतरी घरांत हेच होत असणार. अनंत चतुर्दशीची मिरवणूक मंडईतून निघून बेलबाग चौकात येते आणि लक्ष्मी रस्त्याला लागते. मानाचा दुसरा तांबडी जोगेश्वरीचा आणि चौथा तुळशीबागेचा, हे दोन्ही गणपती याच पेठेतले. दगडूशेठ हलवाई गणपतीचं मंदिरही इथलंच. माणसं तासन्‌तास एका जागी उभी राहतात, वडापाव आणि चिवड्यावर रात्र काढतात, पहाटे घरी जाऊन आडवी होतात. उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं असतं आणि चपलेचा पट्टा रुततो.

वाढलेला तो किलो चरबीचा असूच शकत नाही. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. एका रात्रीत तेवढं कुणाच्या पोटात मावणार? वाढलेलं असतं ते पाणी. ते अंगात का येऊन थांबतं आणि नंतर कसं निघून जातं, ही माझ्या मते शरीरातली सगळ्यात सुंदर हिशेबाची गोष्ट आहे.

हिशेबाची किल्ली सलाईनच्या बाटलीवर छापलेली असते: ०.९ टक्के. म्हणजे एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. आपल्या रक्ताला आणि पेशींच्या भोवतीच्या द्रवाला मानवणारा खारटपणा जवळपास एवढाच. आता हेच उलट वाचा. अंगात नऊ ग्रॅम मीठ जास्तीचं राहिलं, तर तो खारटपणा जपायला त्याच्यासोबत एक लिटर पाणीही राहावं लागतं. एका ग्रॅमला सुमारे ११० मिलिलिटर. चहाच्या चमच्यात साधारण पाच ग्रॅम मीठ मावतं, तेव्हा एका चमच्यामागे अर्धा लिटरहून थोडं अधिक पाणी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात एकूण पाच ग्रॅमच्या आतच मीठ खायला सांगते. सणाचे दोन-तीन दिवस त्याच्या दुप्पट-तिप्पट गेलं, तर त्यातलं काही त्याच दिवशी लघवीतून निघून जाऊनही काट्यावर किलो-दीड किलो दिसायला हरकत नाही. मीठ स्वतः जेमतेम काही ग्रॅम असतं. बाकी सगळं वजन त्याच्या मागून आलेल्या पाण्याचं.

शरीरापुढे दोन वाटा असतात. रक्त अधिक खारट होऊ द्यायचं, किंवा पाणी वाढवून खारटपणा होता तिथेच ठेवायचा. निरोगी शरीर दुसरी वाट धरतं. ते फुगणं पत्करतं, पण खारट होत नाही. कारण बाहेरचा द्रव खारट झाला की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसतात. बोटांना ते फारसं जाणवायचं नाही, पण कवटीत बंद असलेल्या मेंदूला ते चालत नाही. अंगठी रुतलेली परवडते, मेंदू आक्रसलेला परवडत नाही.

मला थक्क करणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. आपल्या शरीरात पाणी ओढणारा पंप कुठेच नाही. हृदय रक्त फिरवतं हे खरं, पण पेशीच्या आतून बाहेर किंवा बाहेरून आत पाणी ढकलणारं यंत्र कुठल्याही पेशीत नाही. पेशींना हलवता येतं ते फक्त मीठ आणि तसले विरघळलेले कण. ते जिकडे जातील तिकडे पाणी आपोआप जातं. यालाच परासरण म्हणतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या पेठांच्या हौदांपर्यंत आणलं गेलं, तेही असंच पंपाविना. बांधणाऱ्यांनी पाण्याला हात लावला नाही, त्यांनी उतार बांधला. शरीरही उतारच बांधतं. फक्त तो उतार मिठाचा असतो.

हा उतार बांधणारं यंत्र खेकड्यात सापडलं. डेन्मार्कमधले येन्स स्कोऊ खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करत होते. पेशीच्या पडद्यातलं एक विकर सोडियम बाहेर टाकतं आणि पोटॅशियम आत घेतं, हे त्यांनी १९५७ साली दाखवलं. दरवेळी तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. आपण शांत झोपलेलो असतानाही शरीराच्या खर्चातला साधारण पाचवा हिस्सा या एका कामावर जातो. म्हणूनच पेशीच्या आत पोटॅशियम जास्त असतं आणि बाहेर सोडियम, आणि म्हणूनच खाल्लेलं मीठ मुख्यतः पेशींच्या बाहेरच्या द्रवात राहतं. अंगठीखाली जे फुगतं ते हेच बाहेरचं पाणी. स्कोऊंना १९९७ साली नोबेल मिळालं. पाणी ज्या छिद्रांतून जातं त्यांचा शोध अमेरिकेतल्या पीटर अ‍ॅग्रे यांनी लावला, त्यांना ते २००३ साली मिळालं. तसल्या एका छिद्रातून सेकंदाला अब्जावधी रेणू एकामागून एक पार होतात.

मिसळ पोटात गेल्यानंतरची पहिली खबर मेंदूला लागते. रक्ताचा खारटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशींना ते कळतं. इतका बारीक फरक जिभेला कधीच कळला नसता. मग दोन हुकूम एकदम सुटतात. एक आपल्याला जाणवतो, तो तहानेचा. दुसरा जाणवत नाही. मेंदूकडून निघालेलं एक संप्रेरक मूत्रपिंडाला सांगतं की पाणी सोडू नकोस. मूत्रपिंडातल्या नळ्या आपल्या भिंतींत पाण्याची छिद्रं वाढवतात, लघवी थोडी आणि गडद होते. तहानेला प्यालेलं आणि वाचवलेलं पाणी मिळून खारटपणा पुन्हा जागेवर येतो. पहिलं संकट टळलेलं असतं, आणि त्याची किंमत म्हणून वजन वाढलेलं असतं.

पाणी काढून टाकायचं, तर आता मीठ काढून टाकायला हवं. इथे मूत्रपिंडाचे आकडे पाहून माणूस गप्प होतो. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ असतं. आपण खातो पाच-दहा ग्रॅम, आणि रोज गाळलं जातं दीड किलो! अर्थात तेच मीठ पुनःपुन्हा फिरून येतं. त्यातलं नव्याण्णव टक्क्यांहून अधिक परत घेतलं जातं आणि उरलेलं चिमूटभर लघवीतून जातं. आपण काल जास्त मीठ खाल्लं की नाही, याचं उत्तर त्या शेवटच्या एका टक्क्यात द्यायचं असतं. दीड किलोतले पाच ग्रॅम कमी परत घ्यायचे आणि जेवढं आत आलं तेवढंच बाहेर सोडायचं.

पाण्याची दुरुस्ती काही तासांत होते. दोन तांबे पाणी जास्त प्यालात तर ते दुपारपर्यंत निघून जातं. मिठाची दुरुस्ती मात्र दिवसांच्या हिशेबाने चालते. मीठ धरून ठेवायला सांगणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सावकाश उतरतं. आहारातलं मीठ बदललं की नवा समतोल यायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. शिवाय मूत्रपिंडं रात्री मीठ कमी सोडतात, हा त्यांचा रोजचा ठेका आहे. रात्री अकराच्या भेळीचं मीठ म्हणूनच सकाळी अंगातच भेटतं.

मीठ सोडा असं सांगणारा आवाज कुठून येतो, हे १९८१ सालापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशींत बारीक दाणे असतात, हे सूक्ष्मदर्शकातून आधीच दिसलेलं होतं. ते कशासाठी, याचा पत्ता नव्हता. कॅनडातल्या अडोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या त्या कप्प्यांचा अर्क काढला आणि दुसऱ्या उंदरांना टोचला. त्या उंदरांची लघवी आणि लघवीतलं मीठ झपाट्याने वाढलं. पाणी वाढून हृदयाचे कप्पे ताणले गेले की हृदय स्वतःच एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडाला मीठ सोडायला लावतं. शतकानुशतकं ज्याला आपण फक्त धडधडणारा स्नायू समजत होतो, तो अंगातल्या मिठाचा हिशेबनीसही निघाला. ही बातमी शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत हवी होती असं मला वाटतं.

सूज दिवसभर एकाच जागी राहत नाही. उभं असताना पाणी खाली, घोट्यांपाशी उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून ते वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की ते काम थांबतं. रात्री आडवं झाल्यावर तेच पाणी अंगभर पसरतं आणि पापण्यांखालच्या सैल, पातळ कातडीत उठून दिसतं. मिरवणूक पाहणाऱ्याचे पाय रात्री जड होतात आणि चेहरा सकाळी, त्यामागचं कारण हेच. दाबल्यावर बोटाचा खळगा उमटावा इतकी सूज यायला मात्र साधारण अडीच-तीन लिटर पाणी साठावं लागतं. एका मिसळीने तेवढं होत नाही.

त्याच मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्या मुलामुलींच्या अंगात याच्या नेमकं उलट चाललेलं असतं. कंबरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवताना घामाच्या धारा लागतात. एका लिटर घामातून माणसागणिक साधारण एक ते साडेतीन ग्रॅम मीठ जातं. घाम रक्ताहून फिका असतो, कारण घर्मग्रंथींच्या नळ्या जाता जाता बरंचसं मीठ परत ओढून घेतात. तरी तासांमागून तास घाम गाळून वर नुसतं पाणी लिटरच्या लिटर प्यायलं तर रक्त पातळ पडतं, डोकं दुखतं, मळमळतं, क्वचित प्रसंगी जिवावरही बेततं. पथकांना मीठ-साखरेचं लिंबू सरबत द्यावं, ते याचसाठी.

मिठामागे पाणी जातं या एका नियमाने लाखो मुलांचे जीव वाचले आहेत. पटकीने आणि हगवणीने आतड्यातून पाणी वाहून जात असतं, प्यालेलं नुसतं पाणी टिकत नाही. पण आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की त्यातून साखर आणि सोडियम जोडीनेच आत जातात, आणि पटकीतही ते दार उघडं राहतं. मीठ आत गेलं की मागोमाग पाणी जातंच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. आज पाकिटात मिळणाऱ्या जलसंजीवनीत लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. सणाच्या सकाळी ज्या नियमाने अंगठी रुतते, त्याच नियमाने सुकून गेलेलं बाळ पुन्हा डोळे उघडतं.

मग फुगलेल्या सकाळी करायचं काय? पहिलं म्हणजे पाणी तोडायचं नाही. पाणी कमी प्यायलं तर रक्त आणखी खारट होतं आणि मूत्रपिंड आणखी घट्ट धरून बसतं. मीठ धुऊन निघेल म्हणून हंडाभर पिण्यातही अर्थ नाही. जास्तीचं पाणी काही तासांत एकटंच निघून जातं. तहान लागेल तेवढं प्यावं आणि दोन-चार दिवस साधं घरचं जेवावं, म्हणजे वरण-भात, पालेभाजी, ताक तेही मिठाशिवाय, केळं. डाळी, भाज्या आणि फळांतलं पोटॅशियम मूत्रपिंडाला मीठ सोडायला मदत करतं, तेव्हा हे जेवण नुसतं हलकंच नाही, कामाचंही आहे. चालावं, आणि बसल्यावर पाय जरा वर ठेवावेत. उपवासाचं सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे, त्याला वेगळं पाणी लागत नाही. पापडखारात सोडियम असतंच, आणि फरसाणातलं, पावातलं, बिस्किटातलं मीठ जिभेला न कळता जातं.

जिलबी आणि मसालेभाताची पंगत झाली असेल तर आणखी एक पाणी हिशेबात येतं. पिष्टमय अन्न यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन होऊन साठतं, आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणीही साठतं. डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं ते बरंचसं हेच. घाम गाळून उतरवलेला अर्धा किलो तर पहिल्या दोन पेल्यांत परत येतो. या दोन्हींचं ना दुःख करावं ना कौतुक.

लघवीची गोळी मात्र काटा उतरवायला स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. तिने पोटॅशियम घसरतं, आणि गोळी थांबवली की शरीर पाणी आणखी हट्टाने धरतं. आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते: प्रत्येक सूज मिठाची नसते. एकच पाय सुजून दुखत असेल, धाप लागत असेल, आडवं झाल्यावर श्वास कोंडत असेल, रोज सकाळी चेहरा सुजून लघवीला टिकणारा फेस येत असेल, किंवा गरोदरपणात हात-चेहरा एकाएकी सुजून डोकं दुखत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. हृदय अशक्त असलेल्या माणसाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती धोक्याची खूण समजतात. अंगदुखीच्या काही गोळ्या मीठ धरून ठेवतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी घोटे सुजतात. तसं झालं तर गोळी आपणच बंद न करता डॉक्टरांना सांगावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर केळं आणि शहाळ्याचं पाणीसुद्धा विचारूनच घ्यायचं.

इथवरचा हिशेब पहिल्या काही दिवसांचा. महिन्यांच्या मापाने पाहिलं तेव्हा त्यात एक विलक्षण वळण निघालं. मॉस्कोत मंगळावरच्या प्रवासाची तालीम म्हणून माणसांना बंद यानात ठेवलं होतं, २००९ साली १०५ दिवस आणि नंतर २०१०-११ मध्ये तब्बल ५२० दिवस. जर्मनीतले येन्स टिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे त्यांचं मीठ आधी १२, मग ९, मग ६ ग्रॅम असं ठरवून दिलं आणि रोजची लघवी तपासली. मीठ रोज सारखंच खाऊनही बाहेर पडणारं मीठ सारखं नव्हतं. ते आठवड्याच्या आसपासच्या लयीत चढत-उतरत होतं. अंगातला एकूण साठा त्याहूनही लांब लयीत हलत होता, आणि वजन त्याच्या मागोमाग गेलं नाही. २०१७ साली छापलेला निष्कर्ष तर आणखी अनपेक्षित होता. दिवसांमागून दिवस जास्त मीठ खाणारी ही माणसं पाणी कमी पीत होती, कारण मूत्रपिंड मीठ बाहेर टाकताना पाणी मात्र राखून ठेवायला शिकलं होतं.

म्हणजे काही मीठ पाण्याला सोबत न घेताच कुठेतरी राहतं. टिट्झ यांच्या कामातून दिसलेली एक जागा म्हणजे कातडी. सोडियम टिपणाऱ्या खास एमआरआयमधून आता जिवंत माणसाच्या पोटरीतलं, तिथल्या कातडीतलं मीठ पाहता येतं. वयाबरोबर ते वाढतं आणि रक्तदाब वाढलेल्यांत ते जास्त आढळतं. तिथे ते कशाला धरून बसतं, आणि तिथून परत केव्हा निघतं, हा शोध अजून चालू आहे.